आधी घाट, मग घोट : हिवाळ्यात कॅस्केड ओलांडून याकिमाच्या वाइन खोऱ्यात

सिॲटलहून कॅस्केड पर्वतरांगेपलीकडच्या याकिमा खोऱ्यातल्या पहिल्या टेस्टिंग रूमपर्यंत, म्हणजे वाइन चाखायच्या जागेपर्यंत, उन्हाळ्यात अडीच तास लागतात. जानेवारीत तोच रस्ता कधी अडीच तासांत सरतो, कधी सहा तास खातो, तर कधी घाटाच्या पायथ्याच्या नॉर्थ बेंड गावापुढे बंदच असतो. तरी सहल आखायला बसलं की बहुतेक मंडळी आधी वायनरींची यादी करतात, मग हॉटेल शोधतात, आणि निघायच्या आदल्या रात्री कुणाला तरी आठवतं, "अरे, घाटात बर्फ आहे का बघितलं का कुणी?"

पहिली दोन वर्षं मीही हेच केलं. आता उलटं करते. घाट कधी ओलांडायचा, कशाने ओलांडायचा आणि कुठल्या परिस्थितीत ओलांडायचा नाही, हे आधी ठरवते. वायनरी शेवटी. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

डोंगराची ओळख

आय-९० महामार्ग स्नोक्वाल्मी घाटातून कॅस्केडची रांग ओलांडतो. माथ्याची उंची ३,०२२ फूट, म्हणजे महाबळेश्वरहून बरीच कमी. आकडा ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. पॅसिफिकवरून आलेली ओली हवा या रांगेवर चढते, थंड होते आणि सगळं ओझं पश्चिम उतारावर आणि माथ्यावर टाकून देते. पलीकडे उतरते ती कोरडी होऊन. सिॲटलला वर्षाकाठी साधारण ३७ इंच पाऊस पडतो, याकिमाला जेमतेम ८. त्या कोरडेपणामुळेच तिथे द्राक्षं होतात. बुरशी कमी, ऊन भरपूर, आणि पाणी शेतकऱ्याच्या हातात.

ते पाणी येतं कुठून, हे तुम्हाला रस्त्यातच दिसेल. माथा ओलांडला की उजव्या हाताला कीचेलस तलाव लागतो. याकिमा नदी तिथून निघते. घाटात तुमच्या गाडीला आडवा येणारा बर्फ उन्हाळ्यात वितळून याच नदीच्या पाटांनी खोऱ्यातल्या वेलींपर्यंत पोचतो. मला हे कळल्यापासून घाटातल्या बर्फाला शिव्या घालताना जरा जीभ अडखळते.

दुसरे रस्ते आहेत का? आहेत, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. व्हाइट पास ४,५०० फुटांवर, स्टीव्हन्स पास ४,०६१ फुटांवर. दोन्ही स्नोक्वाल्मीहून उंच, त्यामुळे वादळात इथे जे चाललंय तेच तिथे जास्त चाललेलं असतं. चिनूक पास हिवाळाभर बंदच असतो. जानेवारी २०२२ मध्ये तर स्नोक्वाल्मी, स्टीव्हन्स, व्हाइट पास आणि ब्लेवेट हे चारही घाट एकाच वेळी बंद होते, आणि तेही काही तास नव्हे, काही दिवस. उरतो कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला वळसा : पोर्टलंडला खाली जायचं, आय-८४ धरून पूर्वेला आणि मग यूएस-९७ने वर. सुमारे साडेतीनशे मैल होतात, आणि तिथलं वारं आणि गारठलेला पाऊस ही वेगळीच कथा आहे. अडकलेल्या माणसाला घरी परतायला तो मार्ग ठीक. दोन दिवसांच्या मौजेसाठी नाही.

आणखी एक. महामार्ग बंद झाला की फोनमधला नकाशा कधी कधी जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यांवरून "पर्याय" सुचवतो. ते रस्ते हिवाळ्यात कुणी साफ करत नाही. तिकडे वळू नका.

पहिली पायरी : दिवस निवडा

हिवाळ्यात खोऱ्यातल्या कित्येक टेस्टिंग रूम फक्त शुक्रवार ते रविवार उघड्या असतात, काही तर आधी वेळ ठरवल्याशिवाय दार उघडत नाहीत. दुसरीकडे, शनिवारी सकाळी सात ते नऊ या वेळात घाटावर स्कीवाल्यांची झुंबड असते, कारण स्कीचा डोंगर अगदी माथ्यावरच आहे. रविवारी दुपारनंतर तीच झुंबड उलट दिशेने उतरते. या दोन गोष्टी जुळवल्या की उत्तर जवळजवळ आपोआप निघतं : शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला निघा, दोन रात्री तिकडे राहा, रविवारी लवकर किंवा सोमवारी परत या. मी सोमवारची सुट्टी टाकते. त्या सुट्टीचा उपयोग झाला नाही तर घरी आराम, आणि रविवारी घाट बंद झाला तर ती सुट्टी म्हणजे सोन्याची वीट.

अंधार हा वेगळा मुद्दा आहे. डिसेंबरच्या शेवटी सूर्य आठच्या जरा आधी उगवतो आणि सव्वाचारच्या आसपास मावळतो. उन्हात वितळलेलं पाणी सूर्य कलला की पुन्हा गोठतं आणि डांबरावर काचेसारखा थर धरतो. त्यालाच इथे ब्लॅक आइस म्हणतात. दिसत नाही, ओला रस्ता असावा तसा भासतो. म्हणून माथा दोन्ही वेळेला सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान ओलांडायचा, असा माझा दंडक आहे.

फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या जोडसुट्टीला खोऱ्यात 'रेड वाइन अँड चॉकलेट' नावाचा उत्सव असतो. मजा असते, पण त्याच तीन दिवसांत अर्धं सिॲटल घाटावर असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो मोह टाळावा. त्याच्या आधीचा किंवा नंतरचा आठवडा घ्या. मोकळं अंगण मिळेल, आणि वाइन ओतणारा माणूस कदाचित ती बनवणाराच असेल.

हॉटेल मात्र फुकट रद्द करता येईल असंच घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. पैसे अडकलेले असले की माणूस नको त्या हवेत घाट चढतो.

दुसरी पायरी : घाटाचा अंदाज वाचायला शिका

हा भाग सविस्तर सांगते, कारण सगळी सहल इथे ठरते.

फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये "सिॲटल ४३ अंश, पाऊस" आणि "याकिमा ३० अंश, ढगाळ" एवढं पाहून निघू नका. (इथले सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये, ३२ अंशांना पाणी गोठतं.) या दोघांच्या मधे काय चाललंय ते तुम्हाला हवंय. राष्ट्रीय हवामान सेवेच्या अंदाजात 'स्नो लेव्हल' असा एक आकडा असतो, म्हणजे कितव्या फुटापासून वर बर्फ पडेल. माथा तीन हजारांवर आहे हे लक्षात ठेवून तो वाचा. स्नो लेव्हल पाच हजार असेल तर घाटात नुसता पाऊस. पंधराशे असेल तर चढ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात बर्फ. अडीच ते साडेतीन हजारांच्या मधला आकडा सगळ्यात फसवा. त्या दिवशी माथ्यावर कधी पाऊस, कधी चिखलासारखा बर्फ, आणि दर अर्ध्या तासाला चित्र वेगळं.

आता खरी गोम. कॅस्केडच्या पूर्वेला हिवाळ्यात थंड, जड हवा खोऱ्यात साचून राहते आणि स्नोक्वाल्मीच्या खिंडीतून पश्चिमेकडे वाहत येते. त्याच वेळी समुद्रावरून उबदार हवा वरून आली, तर वर पाऊस तयार होतो आणि खाली गोठलेल्या रस्त्यावर पडून तिथेच बर्फ बनतो. हा गोठता पाऊस साध्या बर्फवृष्टीपेक्षा कितीतरी वाईट. ताज्या बर्फात टायरला थोडी तरी पकड असते, या काचेवर काहीच नसते. माथ्याचं तापमान २८ ते ३२ दाखवतंय आणि पुढे "पाऊस" लिहिलंय, असं दिसलं की मी बॅग उतरवून ठेवते. ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना जोर देणारी) गाडी असो, नवे टायर असोत, वाद नाही.

राज्याच्या वाहतूक विभागाचं, म्हणजे डब्ल्यूएसडॉटचं, घाटाचं स्वतंत्र पान आणि ॲप आहे. त्यावर तापमान, रस्त्याची अवस्था आणि दोन्ही दिशांचे निर्बंध वेगवेगळे दिलेले असतात. पूर्वेकडच्या दिशेला काहीच निर्बंध नाही आणि पश्चिमेकडे चेन, म्हणजे टायरवर चढवायची साखळी, सक्तीची, असंही होतं. लिहिलेल्या माहितीपेक्षा माझा भरवसा कॅमेऱ्यांवर जास्त आहे. डेनी क्रीक, समिट, हायॅक, प्राइस क्रीक, ईस्टन या क्रमाने चित्रं पाहत जा. डांबर काळं दिसतंय की चाकोऱ्यांपुरतंच उघडं आहे की सगळं पांढरं, हे डोळ्यांना लगेच कळतं.

आदल्या रात्री एकदा, सकाळी उठल्यावर एकदा आणि नॉर्थ बेंडला थांबून एकदा, असं तीनदा बघा. हिमस्खलनाचा धोका वाढला की विभाग स्वतःच रस्ता बंद करून, स्फोटकं लावून, बर्फ खाली पाडून घेतो. असं बंद राहणं अर्ध्या तासाचंही असतं आणि दिवसभराचंही.

तिसरी पायरी : टायर आणि चेन

घाटाच्या फलकावर सहसा तीन प्रकारच्या सूचना लागतात. 'ट्रॅक्शन टायर ॲडव्हाइज्ड' म्हणजे बर्फात पकड धरणारे टायर असले तर बरे. 'ट्रॅक्शन टायर रिक्वायर्ड' म्हणजे हवेतच. तिसरी, सगळ्या गाड्यांना चेन सक्तीची, ऑल-व्हील ड्राइव्ह वगळून. या शेवटच्या ओळीवर लोक फसतात. ऑल-व्हील ड्राइव्हला चेन चढवण्यातून सूट आहे, गाडीत बाळगण्यातून नाही. चेन डिकीत असलीच पाहिजे, आणि टायरही ट्रॅक्शन प्रकारचेच हवेत.

कायद्याच्या दृष्टीने टायरच्या बाजूला 'एम+एस' अक्षरं किंवा डोंगर-हिमकणाचं चिन्ह असावं आणि नक्षी किमान एक अष्टमांश इंच खोल असावी. म्हणजे साधे ऑल-सीझन टायरही नियमात बसतात. पण नियमात बसणं आणि रस्त्याला धरणं वेगळं. हिवाळ्यात तीनचार वेळा तरी घाट ओलांडणार असाल तर डोंगर-हिमकण चिन्हाचे टायर घ्या. पैसे कुठे खर्च करू, असं मला कुणी विचारलं तर मी मोठ्या गाडीपेक्षा चांगल्या टायरांकडे बोट दाखवते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे न्यायला मदत करते, थांबायला नाही. थांबवतात ते टायर. खिळ्यांचे टायर इथे १ नोव्हेंबर ते ३१ मार्च चालतात, मला स्वतःला त्यांची गरज कधी पडली नाही.

हवा भरायला विसरू नका. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. सिॲटलच्या गॅरेजात बरोबर असलेले टायर घाटापलीकडच्या एलेन्सबर्गला मऊ पडलेले असतात.

चेन घेताना टायरच्या बाजूवरचा पूर्ण आकडा जुळवा. मी पहिल्या हिवाळ्यात खोका न उघडताच डिकीत टाकला होता. पहिल्यांदा उघडला तो डेनी क्रीकच्या वर, अंगावर बर्फ पडत असताना, आणि तेव्हा कळलं की ती चेन आमच्या आधीच्या गाडीची होती. त्या दिवशी वाइन काही नशिबात नव्हती. घरासमोर, कोरड्या दिवशी, एकदा चढवून उतरवून बघा. दुसऱ्या खेपेला निम्मा वेळ लागतो.

चेन कुठल्या चाकांना? गाडी ज्या चाकांवर ओढली जाते त्यांना, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. ऑल-व्हील ड्राइव्हसाठी गाडीची पुस्तिका बघा. काही गाड्यांत चाक आणि आतल्या भागांत जागाच इतकी कमी असते की जाड साखळी चालत नाही, केबलची किंवा कापडी आवरणं घ्यावी लागतात. भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा, कित्येक करारांत चेन लावायला मनाई असते. तशी गाडी असेल आणि चेनचा फलक लागला, तर उत्तर एकच : माघारी.

चेन चढवायला रस्त्याकडेला ठरवून दिलेल्या रुंद जागा आहेत. तिथेच थांबा, कडेच्या अरुंद पट्टीवर नाही. गुडघ्याखाली घालायला जुनी चटई, रबरी हातमोजे आणि कपाळावर बांधायचा दिवा या तीन वस्तूंनी निम्मं काम होतं. चढवल्यावर शंभरेक फूट पुढे जाऊन पुन्हा आवळा, कारण ती हमखास सैल झालेली असते. वेग तीस मैलांच्या आत. काळं डांबर लागलं की लगेच उतरवा, नाहीतर साखळीही तुटेल आणि चाकाच्या आतलंही काही ओरबाडेल.

चौथी पायरी : डिकी

अडकलात तर चार तास गाडीत काढता येतील, एवढं सामान हवं. घोंगड्या, पाणी, कोरडा खाऊ, थर्मासमध्ये चहा, रोजची औषधं, लहान मूल असेल तर दुप्पट डायपर. छोटं फावडं, काच खरवडायची पट्टी, चाकाखाली टाकायला वाळू किंवा मांजरीच्या पेटीतली रेती, जंपर केबल, फोन भरायची सोय. वायपरचं पाणी गोठणार नाही असं. घाटात पुढच्या ट्रकने उडवलेला मिठाचा चिखल काचेवर बसला आणि पाणी आलंच नाही, तर काहीही दिसत नाही. टाकी नॉर्थ बेंडलाच भरा. विजेची गाडी असेल तर थंडीत पल्ला चांगलाच घटतो हे धरून चाला, आणि वाटेतल्या क्ली एलम किंवा एलेन्सबर्गला थांबायचं आधीच ठरवा.

गाडी बर्फात अडकून उभी राहिली तर इंजिन सतत चालू ठेवू नका. तासाला दहा मिनिटं पुरे, आणि त्याआधी खाली उतरून धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष ओलांडणं

नॉर्थ बेंड म्हणजे एक्झिट ३१. माथा एक्झिट ५२. मधले एकवीस मैल हा खरा चढ. क्रूझ कंट्रोल बंद. दिवे दिवसाही लावलेले. पुढच्या गाडीपासून आठदहा सेकंदांचं अंतर. ते अंतर पाहून कुणीतरी मधे घुसेल, घुसू द्या, पुन्हा मागे व्हा. स्टिअरिंग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या तिन्हींना एका वेळी हात घालू नका. वळायचं तर वेग आधीच कमी केलेला हवा. गाडी घसरायला लागली तर पाय उचला आणि जिकडे जायचंय तिकडे बघा. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची सोय) असेल आणि खरंच थांबायचं असेल तर ब्रेक घट्ट दाबून धरा, तो थरथरला तरी सोडू नका.

बर्फ सारणाऱ्या गाड्या शेजारी शेजारी, तिरप्या रांगेत चालतात. त्यांना ओलांडायची घाई करू नका. त्यांच्या मागचा रस्ता त्या दिवशीचा सगळ्यात चांगला रस्ता असतो. बाजूला पसरलेला पंख्यासारखा पाता बर्फाच्या धुराळ्यात दिसत नाही, आणि पुढे जाऊन मिळतं काय, तर न साफ केलेला रस्ता.

माथा आला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. हायॅकपासून ईस्टनपर्यंतचा तलावाकाठचा पट्टा सावलीत असतो आणि कित्येकदा पश्चिमेच्या चढापेक्षा जास्त गोठलेला. ईस्टननंतर झाडं बदलतात, आकाश उघडतं. क्ली एलमला पाय मोकळे करा.

एलेन्सबर्गजवळ एक्झिट ११०ला आय-८२ सुरू होतो. इथे लोक ढिले पडतात, कारण मोठा घाट मागे गेला. पण याकिमाच्या आधी आय-८२ मनस्टॅश रिजवर २,६७२ फुटांपर्यंत पुन्हा चढतो, उघड्या माळरानावर, वाऱ्यात. त्यापुढे सिला क्रीकच्या दरीवर फ्रेड रेडमन पूल आहे, १९७१ सालचा, तळापासून शंभरेक मीटर उंच. पुलाखालून वारं वाहतं, म्हणून पूल रस्त्याच्या आधी गोठतात. वेग तिथे आधीच उतरवा. त्या कड्यावर हवा वाईट असेल तर नदीकाठाने जाणारा एसआर ८२१ हा जुना रस्ता आहे. नागमोडी आणि सावकाश, पण खालून जातो. कड्यांवर रानमेंढ्या दिसतात, आणि त्याच कड्यांवरून दगडही येतात, तेव्हा नजर दोन्हींकडे.

खोऱ्यात उतरल्यावर धुकं. थंड हवा साचली की दिवसचे दिवस हटत नाही, आणि ते धुकं गोठतं धुकं असतं. तारांवर, कुंपणांवर, वेलींवर पांढरी लव धरते. फोटो फार सुंदर येतात, म्हणून लोक भलत्या ठिकाणी गाड्या थांबवतात. तेवढं सांभाळा.

सहावी पायरी : आता वाइन

याकिमा व्हॅली हा वॉशिंग्टन राज्यातला पहिला अधिकृत द्राक्षप्रदेश, १९८३ सालचा. पुढच्या वर्षी वॉला वॉलाला आणि या दोन्हींना पोटात घेणाऱ्या कोलंबिया व्हॅलीला मान्यता मिळाली. या थंडीत युरोपातली द्राक्षं तगतील का, यावर त्याआधी बरीच वर्षं लोकांचा विश्वास नव्हता. वॉल्टर क्लोर या बागायततज्ज्ञाने प्रॉसरच्या संशोधन केंद्रात वर्षानुवर्षं लागवडीचे प्रयोग करून तो संशय फेडला. त्यांना वॉशिंग्टनच्या वाइनचे जनक म्हणतात. संशय अगदी खोटा होता असंही नाही. १९९६ च्या फेब्रुवारीतल्या आणि २००४ च्या जानेवारीतल्या कडाक्याने वेलींचं मोठं नुकसान केलं. म्हणून हिवाळ्यात गेलात तर द्राक्षांबद्दल नको, थंडीबद्दल विचारा. छाटणी चाललेली असते, वेलींचे डोळे, म्हणजे कोंब, जिवंत आहेत का हे कापून बघितलेलं असतं. बोलायला त्या लोकांना वेळ असतो, आणि गोष्टी भरपूर.

कुठे जायचं, याची लांबलचक यादी देत नाही. खोरं तीन तुकड्यांत बघा. झिलाच्या आसपास रॅटलस्नेक हिल्सच्या उतारावरच्या छोट्या, घरगुती वायनरी. प्रॉसरला एक्झिट ८०जवळ चालत जाता येतील अशा शेजारी शेजारी टेस्टिंग रूम, हवा वाईट असेल तर हा सगळ्यात सोयीचा पर्याय. आणि बेंटन सिटीला एक्झिट ९६वरून रेड माउंटन, जो धड लालही नाही आणि डोंगर म्हणावा एवढा उंचही नाही, पण काबर्ने सोव्हिन्यों ही लाल वाइन मात्र दांडगी देतो. वॉला वॉला सुंदर आहे, पण याकिमापासून आणखी सव्वाशे-दीडशे मैल. त्यासाठी एक रात्र वाढवणार असाल तरच.

दिवसाला तीन जागा, त्याहून जास्त नाही. हिशेब करून बघा. एका बैठकीत पाच वाइन, प्रत्येकी औंसभर, म्हणजे पाच औंस. अमेरिकेत 'एक पेय' म्हणतात ते १२ टक्के वाइनचे पाच औंस. इथल्या लाल वाइन सहसा १४ टक्क्यांच्या पुढे. म्हणजे तीन बैठका झाल्या की तीन पेयांहून जास्त पोटात. थुंकायचं भांडं प्रत्येक टेबलावर असतं, ते वापरण्यात काहीही असभ्य नाही. वाइनवाले स्वतः तेच करतात.

गाडी कोण चालवणार हे घरीच ठरवा आणि त्या माणसाने त्या दिवशी चाखायचीही नाही. इथे कायद्याची रेषा रक्तात ०.०८ टक्के आहे, पण चालवणं बिघडलेलं दिसलं तर त्याखालीही पकडतात. जे व्हिसावर आहेत त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगते : दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपावरून नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, दोष सिद्ध होईपर्यंत कुणी थांबत नाही. माणसं चार असतील तर स्थानिक ड्रायव्हरसह गाडी ठरवणं महाग पडत नाही. उघडलेली बाटली घरी न्यायची असेल तर बूच लावून डिकीत. आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांचे पासपोर्ट बरोबर घ्या. सत्तरीच्या माणसालाही वयाचा पुरावा मागतात, आणि बाबांना त्याचा फार आनंद होतो. मुलं सोबत असतील तर आत येऊ देतात का, हे आधी फोन करून विचारा, जागोजागी नियम वेगळे.

चाखण्याचे पैसे लागतात. बाटली घेतली की कित्येक ठिकाणी ते माफ होतात.

न पिणाऱ्यांचा विचार करा, म्हणजे सहल सगळ्यांची होते. याकिमाच्या वायव्येला नॅचीसजवळ ओक क्रीकच्या अभयारण्यात हिवाळ्यात एल्क हरणांना चारा घालतात, शेकडो जनावरं एका माळावर येतात. टॉपेनिश गावात भिंतीभिंतींवर इतिहासाची चित्रं आहेत. अठरा फुटी खांबांवर नुसत्या तारा ताणलेली रिकामी शेतं दिसतील, ती हॉप्सची. अमेरिकेतला बहुतेक हॉप्स याच खोऱ्यात पिकतो.

सातवी पायरी : बाटल्या आणि परतीचा घाट

वाइन उणे ६-७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठायला लागते, आणि याकिमात जानेवारीच्या रात्री पारा कित्येकदा तेवढा उतरतो. रात्रभर गाडीत ठेवलेल्या खोक्यातली बुचं सकाळी वर आलेली सापडतात. बुडबुड्यांची वाइन असेल तर बाटलीच फुटते. रोज संध्याकाळी खोकी खोलीत न्या, पण हीटरजवळ ठेवू नका. गाडीत ती नीट रोवून बसवा. घाटात ब्रेक लागला की बारा बाटल्यांचं खोकं पुढच्या सीटपर्यंत येतं.

परतीच्या दिवशी सकाळी पुन्हा तेच : स्नो लेव्हल, कॅमेरे, निर्बंध. या वेळी पश्चिमेकडच्या दिशेचे. मनात सोमवारची मीटिंग असते, मुलांची शाळा असते, म्हणून परतताना माणूस जाताना घेतला नसता तो धोका घेतो. त्यासाठी एक युक्ती सांगते. निघायच्या आधीच, घरी, शांत डोक्याने कागदावर लिहा : अमुक दिसलं तर थांबायचं. आमच्या कागदावर तीन ओळी आहेत. माथ्यावर गोठता पाऊस. सगळ्या गाड्यांना, ऑल-व्हील ड्राइव्हसकट, चेन. दुपारी दोनच्या आत माथा गाठता येणार नाही. यातलं एकही असलं तर एलेन्सबर्गला खोली घ्यायची. तिथून घाट तासाभरावर आहे, सकाळी कॅमेरे पाहून निघता येतं, आणि कॉलेजचं गाव असल्याने जेवायला बरं मिळतं.

घरी पोचल्यावर दोन कामं त्याच दिवशी करा. चेन वापरली असेल तर गरम पाण्याने धुऊन, पसरून वाळवा. रस्त्यावरच्या मिठाने ती पुढच्या खेपेपर्यंत गंजून एकमेकींत अडकते. आणि गाडी खालून धुऊन घ्या. बाटल्या मात्र पंधरा दिवस आडव्या ठेवून द्या, लगेच उघडू नका.